जरा आभाळ बघतो

भातकापणीचे दिवस आले की कामशेतच्या अलीकडे मी हेल्मेटची काच वर करतो. मागे बसलेली माझी बायको सुलभा दर वर्षी म्हणते, "डोळ्यात किडा जाईल." आणि दर वर्षी तो जातोच. पण त्याआधी दोन-तीन मिनिटं मला तो वास मिळतो. कापून आडव्या पडलेल्या इंद्रायणी भाताचा, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा, जरासा गोड, जरासा धुळकट. मग मी स्कूटर कडेला घेतो, सुलभा पदराच्या टोकानं किडा काढते, आणि त्या गडबडीत माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी खपून जातं.

असल्या वासानं लोक बालपणात जातात म्हणे. मी जातो लोणावळ्यातल्या एका मंगल कार्यालयात. भाताचा आणि मंगल कार्यालयाचा संबंध अक्षतांपुरता असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या कापणीच्या हंगामात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी तिथे एक म्हातारा शोधत होतो आणि तो काही केल्या सापडत नव्हता.

आमचं हौशी नाटक मंडळ. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे कार्यालयाचे मालक आम्हाला हॉल फुकट देतात. अट एकच, तुळशीचं लग्न लागलं की बाहेर. म्हणजे आमच्या सगळ्या तालमी देवांच्या झोपेत होतात आणि देव उठायच्या आत स्पर्धेचं नाटक उभं राहावं लागतं. सामान म्हणून नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या, भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह', त्यातला 'भ' कधीचा पडलेला. गेली बावीस वर्षं मी याच भिंतीपुढे हवालदार, गडी, विसराळू मामा आणि एकदा अर्धा बैल झालो आहे. मागचा अर्धा. माझी ख्याती एकच, आवाज. शेवटच्या रांगेत डुलकी लागलेला माणूससुद्धा माझ्या पहिल्या वाक्याला दचकून उठतो.

त्या वर्षी नाटक बेंद्रेसरांचं होतं. सर निवृत्त शिक्षक, मंडळाचे नाटककार. त्यांच्या नाटकात तात्या नावाचा मावळातला म्हातारा शेतकरी असतो. त्याचा कारखान्यात कामाला असलेला मुलगा भाताचं खाचर विकायचा कागद खिशात घालून, बापाची सही घ्यायला ऐन झोडपणीच्या दिवशी खळ्यावर येतो. मग तात्या तीन पानं बोलतो. माती, आई, घाम, पिढ्या, सगळं त्यात. शेवटी मुलगा कागद फाडतो. सरांना तात्या स्वतः करायचा होता. भाषण त्यांना पाठ होतं, त्यांनीच तर लिहिलं होतं. पण दिग्दर्शिकेनं तात्या मला दिला. आणि दिग्दर्शिका होती माझी मुलगी.

ऋचा पुण्यात दोन वर्षं नाटक शिकून आली होती आणि हे तिचं पहिलं. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "तालमीत मी कुणाची मुलगी नाही." म्हणून तिथे ती मला सगळ्यांसारखं सुधीरकाका म्हणायची. पोटच्या पोरीनं काका म्हटलं की माणूस आपोआप ताठ बसतो. मंडळात मात्र मागून कुजबुज होतीच, "घरचाच तात्या आणलाय." ती माझ्या कानावर आली तशी तिच्याही आली असणार.

आठवडाभर मी तीन पानं दणदणीत म्हटली. ऋचानं ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "आता पंधरा दिवस संहिता बंद. आपण इम्प्रोव्हायझेशन करू. मी प्रसंग देईन, तुम्ही त्या माणसासारखे वागा. सुचेल ते बोला, नाही सुचलं तर गप्प बसा."

"आमच्या काळी याला संवाद विसरणं म्हणायचे," मी म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही.

पहिला प्रसंग, तात्याचा चष्मा हरवला आहे. मी कमरेत वाकलो, हात थरथरवले, तीनदा खोकलो आणि नवरीच्या खुर्चीखालून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. वेळ अर्धं मिनिट.

"इतक्या लवकर कसा सापडला, काका?"

"मीच ठेवला होता तिथे."

"तात्यानं नव्हता ना ठेवला!"

दुसऱ्या दिवशी तात्या दवाखान्यात रांगेत. तिसऱ्या दिवशी तात्या नातवाची वाट बघतो. मी प्रत्येक ठिकाणी वाकलो, थरथरलो, खोकलो. ऋचा वहीत रेघा ओढत होती. मला वाटलं, कौतुकाच्या जागा टिपतेय. संपल्यावर म्हणाली, "आज सतरा वेळा खोकलात. तात्याला काही झालंय का?"

"म्हातारा आहे तो!"

"ते कळलं. पण कोण आहे?"

मी अठराव्यांदा खोकलो.

मग तिनं घरचा अभ्यास दिला, एक दिवस तात्या होऊन घरात राहायचं. सकाळी मी तात्या होऊन चहा प्यायलो. बशीत ओतून, फुरके मारत. सुलभानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तात्या, सिलिंडर आलाय. आत आणून ठेवा."

"अगं, तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे."

"मग उचलू नका. लोटून आणा."

तात्यानं सिलिंडर आणला, गिरणीतून दळण आणलं, माळ्यावरून आकाशकंदिलाचं खोकं काढलं. दुपारपर्यंत मी तात्यागिरीचा राजीनामा दिला. म्हातारपणाबद्दल एवढंच कळलं, की आमच्या घरात त्याला काही सवलत नाही.

दिवाळी झाली. त्या संध्याकाळी तालमीहून परतताना ऋचा स्कूटरवर मागे बसली होती. बाजारपेठेच्या चढावर, गाडीचा आवाज वाढला तेव्हा बोलली. मुद्दाम तीच जागा निवडली असावी, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत.

"बाबा, तुळशीच्या लग्नापर्यंत तात्या सापडला नाही, तर तो सर करतील."

"मुलगी बापाला काढणार?"

"मुलगी नाही काढत आहे."

रात्री जेवताना तिनंच माझ्या पानात दुसरी पोळी वाढली, तूपही जरा जास्त. पोळी मी खाल्ली. भूमिका गेल्याचं दुःख मी पचवलं असतं, बैलाचा मागचा अर्धा झालेल्याला कसला आलाय मान? भीती वेगळीच होती. मला काढलं तर लोक म्हणतील, हिला माणसं निवडताच येत नाहीत. ठेवलं आणि मी पडलो, तर म्हणतील, बापाला डोक्यावर घेतलं. दोन्हीकडून मार तिलाच बसणार होता, आणि दोन्ही वेळा काठी मीच.

शेवटी सुलभानं तोडगा काढला. "रविवारी मावशीकडे जाऊ. त्यांची झोडपणी चाललीय. खरा म्हातारा बघून या एकदा."

सोनामावशी ही सुलभाची मावशी, म्हणून माझीही. पवनानगरच्या पुढे त्यांची चार खाचरं आहेत. मावशीचे यजमान आबा तेव्हा ऐंशीला टेकलेले. मी उत्साहानं बांधावर उतरलो आणि विळ्याला हात घातला, तर मावशी ओरडली, "अगं बया! जावईबापू, ठिवा तो खाली. जावयाला कापनीला लावलं म्हनून गाव मला नावं ठिवंल."

"मावशी, मला शिकायचंय."

"मंग बसून शिका. हितं सावलीला."

म्हणून मी जावयाच्या मानानं, घोंगडीवर बसून, हातात चहा घेऊन शेतकऱ्याच्या कष्टांचा अभ्यास केला. जेवणाच्या सुट्टीत मावशी म्हणाली, "दावा की तुमचा म्हातारा." मी दाखवला. वाकलो, थरथरलो, ठेवणीतला खोकला काढला. बायका भाकरी हातात धरून बघत राहिल्या.

"ह्यो कोन?" मावशीनं विचारलं. "आजारी हाय का?"

"नाही हो. म्हातारा आहे."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. खराखुरा. पाणी पिऊन म्हणाली, "आसा कुटं आस्तो व्हय म्हातारा? अवो, म्हातारं मानूस दिसभर येकच काम करतं. आपून म्हातारं न्हाई, ह्ये दावायचं. तुमी तर उलटंच लावलंय."

हे तिनं बोटाला लागलेला ठेचा चाटता चाटता सांगितलं आणि भांडी विसळायला निघून गेली.

मग मी आबांकडे बघायला लागलो. ते ताठ होते. कापणाऱ्या तिघी सुनांच्या ओळीत त्यांचा विळा चालत होता. पण दर दहा मिनिटांनी ते उभे राहायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "जरा आभाळ बघतो." आणि बघायचे. मीही बघितलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ, कापसाएवढाही ढग नाही.

"मावशी, पाऊस येईल असं वाटतंय का आबांना?"

"पावसाचा काय संबंध?" मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "बगू द्या त्यास्नी." आणि तिनंही विळा खाली ठेवला, उगाच हातातल्या बांगड्या मागेपुढे केल्या. सासू थांबली म्हणून सुना थांबल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. आबांचा दम ओसरला, ते पुन्हा वाकले, तशी ओळ पुन्हा चालू लागली. म्हाताऱ्याला दम लागतो हे त्या खाचरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारनंतर झोडपणी होती. शेणानं सारवलेलं खळं आरशासारखं दिसत होतं. मी जवळून बघावं म्हणून तरातरा त्यावर गेलो. दिवाळीत घेतलेले नवे स्पोर्ट शूज घालून. सगळं एकदम थांबलं. पेंढ्या डोक्यावर उगारलेले हात तसेच वर राहिले. आबा माझ्या पायांकडे बघत होते. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पावणं, पायताण काढा."

मी मटकन खाली बसलो. घाईघाईत नाडीची निरगाठ बसली. वरून वर्षभराचं धान्य हातात धरून पाच माणसं उभी, आणि मी नखांनी नाडी सोडतोय. आयुष्यात एवढी सलग शांतता मला कुठल्याही नाटकात मिळाली नव्हती. बूट निघाले. मी अनवाणी उभा राहिलो तेव्हा खळं पायाला गार लागलं आणि आबांनी पहिली पेंढी आपटली. दाणे पायांवर उडाले.

परतताना सुलभानं विचारलं, "सापडला का तात्या?" मी म्हणालो, "नाही, पण माझी लाज सापडली." ती हसली. मला मात्र त्या दिवशी काहीच हाती लागल्यासारखं वाटत नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची तालीम. बाहेर मांडववाले बांबू उतरवत होते, दोन दिवसांनी पहिलं लग्न होतं. बेंद्रेसर पहिल्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात बसलेले, मांडीवर संहिता. बोलावलं की उठायचं, या तयारीत. ऋचानं फरशीवर खडूनं मोठा गोल काढला आणि म्हणाली, "हे खळं. मुलगा येतो. काका, भाषण नाही. सुचेल ते."

माझा मुलगा झालेला नितीन तळेगावच्या एका कारखान्यात खरोखरच कामाला. त्या दिवशी शिफ्ट लांबली, म्हणून पोरगा तसाच तालमीला आला होता. कारखान्याचा गणवेश, पायात सेफ्टी शूज. मी गोलात उभा राहून हवेतल्या पेंढ्या आपटत होतो. खोकायचं नाही, एवढं एकच मनाशी ठरवलं होतं. चार पेंढ्यांत मला खराच दम लागला. आणि मी, कुणी सांगितलं कोण जाणे, कमरेवर हात ठेवले आणि म्हणालो, "जरा आभाळ बघतो." वर कार्यालयाचा पंखा होता. तो मी डोळे भरून बघितला.

तेवढ्यात नितीन खडूच्या रेघेच्या आत आला. धाड, धाड. लोखंडी टोकांचे जड बूट.

मी त्याच्या पायांकडे बघितलं. पाठ केलेलं, ठरवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. "बूट काढ," मी म्हणालो. माझ्या त्या गाजलेल्या आवाजात नव्हे. घरातल्या आवाजात.

नितीन गडबडला. हे काही ठरलेलं नव्हतं. मग तो खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. सेफ्टी शूजच्या नाड्या म्हणजे आठ-आठ भोकं. एक बूट. मग दुसरा. कुणी हलेना. मांडववाल्यांचे बांबूसुद्धा थांबल्यासारखे वाटले. तो माझ्या पायाशी वाकलेला, आणि मला त्याचा माथा दिसत होता. टाळूवर केस विरळ झालेले. चौतीस वर्षांचा पोरगा.

"तुला पण टक्कल पडाय लागलं की रं," मी म्हणालो.

तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा कसातरीच झाला. अनवाणी उठला, हात खिशापर्यंत गेला. तिथे तो कागद होता. हात तसाच थांबला. मग त्यानं हात खाली घेतला, वाकून एक पेंढी उचलली आणि माझ्या शेजारी उभा राहून आपटायला लागला. आम्ही दोघं हवेतलं भात झोडत होतो आणि मला, शपथ घेऊन सांगतो, पायांवर दाणे उडालेले लागत होते.

किती वेळ झोडलं कोण जाणे. ऋचानं थांबवलंच नाही. मी बघितलं तर तिची वही खाली पडलेली होती. ती उठली, गोलाच्या रेघेशी आली, तिथे थबकली, चपला काढल्या आणि आत आली. "बाबा," एवढंच म्हणाली. तालमीत. सगळ्यांसमोर.

मग आमच्या लक्षात आलं की बेंद्रेसर काहीतरी करताहेत. त्यांनी खिशातलं पेन काढलं होतं. तीन पानांच्या भाषणावर ते एक एक सरळ रेघ मारत होते. पट्टी धरल्यासारखी, शिक्षकाची. तिसरं पान संपल्यावर पेनाचं टोपण लावून म्हणाले, "सुधीर, फार मेहनतीनं लिहिलं होतं रे मी ते. पण तुम्हाला त्याची गरजच उरली नाही." चष्मा पुसता पुसता त्यांनी ऋचाकडे बघून मान हलवली. वर्गात पहिल्या आलेल्या पोरीकडे बघून हलवावी तशी. नंतर स्पर्धेला जाताना गाडीत तेच सगळ्यांना सांगत होते, "माझ्या नाटकातली सर्वांत चांगली तीन पानं कोणती, माहीत आहे? जी नाहीत ती."

स्पर्धेत आमचं नाटक पहिलं आलं आणि दिग्दर्शनाचं बक्षीस ऋचाला मिळालं. मलाही एक प्रशस्तिपत्र होतं, ते सुलभानं लावलंय, सिलिंडरच्या वरच्या भिंतीवर. "घरचाच तात्या" म्हणणारे आता तेच शब्द छाती फुगवून म्हणायला लागले. पण खरा निकाल अजून लागायचा होता. सोनामावशीचा फोन आला, "त्ये कप-बीप ऱ्हाऊ द्या. आमाला कवा दावताय?"

माघातल्या एका दुपारी गावातल्या देवळापुढे प्रयोग केला. चार फळ्या, त्यांवर अंथरलेली ताडपत्री, एवढाच रंगमंच. खडूचा गोलही नव्हता. पुढे सतरंजीवर अख्खं गाव, आणि मधोमध आबा, पांढरीशुभ्र टोपी घालून. मी कमरेवर हात ठेवले. "जरा आभाळ बघतो." या वेळी वर खरं आभाळ होतं. खाली बायकांच्यात हसण्याची एक लाट आली, मग ती मध्येच विरली आणि सगळं चिडीचूप झालं. मावशीनं मान वळवून आबांकडे बघितलं. आबा समोर बघत होते. "बूट काढ" म्हणालो तेव्हा नितीनच्या आधी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी सतरंजीवरचे आपले पाय आत ओढून घेतले.

नाटक संपलं. गावकरी कौतुक करायला वर यायला निघाले, सरपंच, तरुण मंडळ, शाळेच्या बाई, पोरंटोरं. मी आत टोपी उतरवत होतो. बाहेर आलो तर फळ्यांच्या कडेला चपलांचा ढीग. हारतुरे घेऊन आलेला प्रत्येक माणूस खाली चपला काढून वर चढत होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ऋचा एका बाजूला उभी राहून तो ढीग बघत होती. बक्षीस घेतानासुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता.

आबा सगळ्यांत शेवटी आले. माझा हात हातात घेतला, जरा दाबला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, आभाळ बरं बगता तुमी." आणि डोळा मिचकावला की काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सामान आवरताना माझं उपरणं वरच राहिलं होतं. मी तोवर कपडे बदलून पायात ते स्पोर्ट शूज चढवले होते. पटकन फळ्यांवर पाय ठेवला, तोच मागून एक अनोळखी म्हातारा खेकसला, "ओ पावणं! खळ्यावं पायताण घालून कुटं?"

मी वळलो. ताडपत्रीच तर होती. चार फळ्या आणि एक ताडपत्री. त्या माणसानं मला ओळखलंही नव्हतं. तात्याला तो थोड्या वेळापूर्वी हात जोडून गेला होता.

मी खाली बसलो, नाडीला हात घातला. निरगाठ. नाडी सोडता सोडता छातीत काहीतरी भरून आलं, हात चालेना. खाली ऋचा उभी होती, माझ्याकडेच बघत. तिनं हातातलं सामान खाली ठेवलं आणि उगाच केसांची पिन काढून परत लावायला लागली.

मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि जरा आभाळ बघितलं.